हेडिंग न शिकवणारे कोच

कोचना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते मैदानात वाकून पक्ष्यांची घाण उचलत होते. अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या आमच्या पार्कात थंडीत कॅनडा गीजचे, म्हणजे रानहंसांचे थवे उतरतात आणि गवताची पार वाट लावून टाकतात. जानेवारीतली सकाळ होती. आम्ही सगळे आईबाप जाकिटांत गुरफटून फोल्डिंगच्या खुर्च्यांवर बसलो होतो, आणि साठी ओलांडलेला हा गोरा माणूस हाफ पँटमध्ये, हातात स्वयंपाकघरातलं जुनं उलथनं घेऊन सबंध मैदान पालथं घालत होता. मला वाटलं, पार्कच्या सफाई खात्यातला असेल. काम संपल्यावर त्यांनी उलथनं बादलीत टाकलं आणि आमच्यासमोर येऊन म्हणाले, "मी तुमच्या मुलींचा कोच. आज त्यांना पडायला शिकवणार आहे. म्हणून आधी जमीन साफ केली."

आणि खरंच, पहिला तास त्यांनी आमच्या दहा-दहा वर्षांच्या मुलींना नुसतं पडायला शिकवलं. बॉल आणलाच नव्हता.

चेहरा असा की कुणीतरी दोनतीनदा मोडून घाईघाईत परत जुळवलाय. नाक डावीकडे सरकलेलं, भुवयांमधून पांढऱ्या रेघा गेलेल्या. पुढचे चार दात खोटे. सराव सुरू व्हायच्या आधी ते ती कवळी काढून रुमालात गुंडाळून खिशात टाकत. मॅच असली की मात्र खिशाचा भरवसा नाही म्हणून ती पुरचुंडी माझ्या हातात देत. माझ्याच का, तर माझ्या थर्मासमध्ये आल्याचा चहा असे म्हणून. "जिच्याकडे चहा, तिच्यावर विश्वास," असं त्यांचं म्हणणं. इतर आया नाक मुरडत. मी मुलीची मॅच त्यांचे दात मांडीवर ठेवून बघत असे.

ते वेल्सचे. पहिल्याच आठवड्यात एका मुलीच्या बाबांनी, पुण्याच्या, विचारलं, "वेल्स म्हणजे इंग्लंडमध्येच ना?" कोच शांतपणे म्हणाले, "आणि तू पाकिस्तानचा, हो ना?" बाबांचा चेहरा उतरला. कोचनी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि बूट आवळायला निघून गेले. पुन्हा तो प्रश्न कुणी काढला नाही.

मुलींची नावं त्यांनी कितीतरी दिवस शिकलीच नाहीत. सगळ्याच "बाख". वेल्श भाषेत बाख म्हणजे छोटं, लाडकं. आमच्या मुली घरी येऊन एकमेकींना बाख म्हणू लागल्या. कौतुकही कोच फार क्वचित करत. इथे मुलगी नुसती धावली तरी "गुड जॉब" म्हणायची पद्धत आहे. कोच तसं काही म्हणत नसत. महिन्यातून एखाद्या वेळी, खरंच काही जमलं तर, लांबून हळूच "दा याउन" म्हणत, म्हणजे फार छान. माझी ईरा घरी माझ्याशी इंग्रजीतच बोलते, मी मराठीत काही विचारलं तरी. पण एका शनिवारी ती गाडीत बसली आणि डोळे पुसत म्हणाली, "आई, कोच मला दा याउन म्हणाले." रडत रडत, मराठीत. कोचना मी ते सांगितलं तर त्यांना गोलपेक्षा, पासपेक्षा, कशापेक्षाही त्या मराठीचाच आनंद झाला. "तिच्याशी तुझ्याच भाषेत बोलत जा," ते म्हणाले. "उत्तर कुठल्या का भाषेत येईना. माझी आई तेच करायची."

माझं बालपण कामठीतलं. नागपूरच्या पलीकडे हे गाव आहे आणि तिथे क्रिकेटपेक्षा फुटबॉल मोठा. माझे बाबा फॅक्टरीच्या टीमकडून फुलबॅक खेळायचे. त्यामुळे कोचशी बोलायला माझ्याकडे विषय होता. प्रॅक्टिस संपली की बाकीचे बाप आपापल्या फोनमध्ये जात आणि आम्ही दोघं कडेच्या बाकावर चहा पीत बसायचो. त्या बाकावरच मला त्यांची कारकीर्द समजली, तुकड्या-तुकड्यांनी आणि उलटसुलट क्रमानं.

इंग्लंडच्या लीगमधल्या सगळ्यांत वरच्या डिव्हिजनचे खेळाडू जगाला माहीत असतात. त्याखाली आणखी डिव्हिजन आहेत. त्यांतल्या अगदी खालच्या दोन डिव्हिजनांत कोचनी सगळं तारुण्य घालवलं. सेंटर हाफ. म्हणजे आपल्या गोलसमोर उभं राहायचं आणि उंचावरून येणारा प्रत्येक बॉल डोक्यानं परत पाठवायचा. "बॉल पायाशी आला की मला भीती वाटायची," ते सांगत. "हवेत असला की मी राजा." आठवडाभर सराव म्हणजे काय, तर ट्रेनर एकामागून एक बॉल उंच फेकणार आणि हे डोकं मारणार. पावसात भिजून जड झालेले बॉल. जेवायच्या वेळेपर्यंत.

एका क्लबातून दुसऱ्या क्लबात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. काढून टाकल्याचे किस्से ते मोठ्या चवीनं सांगत. एका क्लबानं फोनवर कळवलं. एकानं फॅक्स पाठवला, तोही शेजारच्या मटणाच्या दुकानात, कारण यांच्या घरी फॅक्स नव्हता. एका ठिकाणी सुट्टी संपवून हे सरावाला पोचले तर गवत कापणाऱ्या माणसानं मशीन थांबवून विचारलं, "तुला कुणी कळवलं नाही का?" कारकीर्द संपत आली तेव्हा अमेरिकेतल्या एका छोट्या लीगनं उन्हाळ्यापुरतं बोलावलं. इथे लग्न झालं म्हणून राहिले. मग बायको दुसऱ्या राज्यात गेली, दुसऱ्या माणसाबरोबर. मूलबाळ नव्हतं. दिवसा वेअरहाऊसमध्ये फोर्कलिफ्ट चालवायची आणि संध्याकाळी मुलांना फुटबॉल शिकवायचा, असं त्यांचं आयुष्य चालू राहिलं.

"एखादी तरी मोठी मॅच असेल ना?" मी एकदा विचारलं.

"होती की. एकच." त्यांनी चहाचा घोट घेतला. "कपची मॅच. आमच्या चिखलाच्या मैदानावर वरच्या डिव्हिजनचा मोठा क्लब आला होता. सगळं गाव भिंतींवर चढून बसलेलं. आम्ही त्यांना एकही गोल करू दिला नाही. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात माझं नाव मथळ्यात. लोक म्हणतात, त्या दिवशी माझ्यासारखा सेंटर हाफ त्यांनी पाहिला नाही."

"लोक म्हणतात म्हणजे?"

"सुरुवातीलाच त्यांच्या फॉरवर्डचं डोकं माझ्या डोक्यावर आपटलं. मला डावा बूट घातलेला आठवतो. त्यानंतर एकदम घरचं टेबल, समोर चिप्स, आणि आई विचारतेय, तू रडतोस का. मधलं काही नाही." ते हसले. "माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली मॅच. मी नव्हतो तिथे."

मीही हसले. तो किस्सा ते पॉटलकच्या जेवणांना, वाढदिवसांना, सगळीकडे सांगत आणि सगळे हसत.

मुली अकरा वर्षांच्या झाल्या. अमेरिकेत त्याआधी मुलांनी डोक्यानं बॉल मारायचा नाही असा नियम आहे. आता ती मुभा मिळाली. बाकीच्या टीम्सनी हेडिंग सुरू केलं. आमच्या कोचनी केलं नाही. त्या वर्षी आमच्या मुली इतक्या सुंदर खेळत होत्या की सेमीफायनलला पोचल्या. शेवटच्या काही मिनिटांत समोरच्या टीमचा कॉर्नर आला. उंच बॉल. आमच्या सगळ्या मुली बॉल खाली यायची वाट बघत उभ्या, आणि समोरची एक मुलगी उडी मारून डोक्यानं गोल करून गेली. आम्ही हरलो. मुली गवतावर बसून रडल्या. कोच एकेकीसमोर गुडघे टेकून तिच्या बुटांच्या नाड्या सोडत होते, जणू मॅचपेक्षा ते काम महत्त्वाचं होतं.

पुढच्या आठवड्यात क्लबनं पालकांची मीटिंग बोलावली. पुण्याचे बाबा पुढे बसले होते.

"कोच, विथ रिस्पेक्ट, बाकीच्या टीम्स प्रॅक्टिस करतात. आपणच का नाही?"

"मी शिकवणार नाही."

"पण का? तुम्ही स्वतः डिफेंडर होतात. तुमच्याइतकं चांगलं कोण शिकवणार?"

"म्हणूनच नाही शिकवणार."

"हे काही रीझन नाही झालं, यार," ते आमच्याकडे वळून मराठीत म्हणाले. "आपण एवढा ड्राइव्ह करून, वीकेंड घालवून मुलींना आणतो ते काय अर्धवट गेम शिकायला?"

मी उठून बोलले. म्हटलं, मुलींना पास देता येतो, पडता येतं, उठता येतं, एकमेकींकडे बघून खेळता येतं, हे या माणसानं शिकवलंय. दोघीतिघींनी माना डोलावल्या. क्लबचा डायरेक्टर तरुण होता, सभ्य होता. त्यानं कोचना विचारलं, "निदान कारण तरी सांगाल?" कोच म्हणाले, "बॉलसाठी पाय पुरेत," आणि टोपी उचलून निघाले.

सीझन संपल्यावर त्यांना काढून टाकलं. पार्किंगमध्ये मला फोन दाखवत म्हणाले, "फोन झाला, फॅक्स झाला, गवतवाला झाला. आता ईमेल. प्रगती आहे."

त्यानंतरही ते आमच्याकडे येत. आमच्या टाउनहाऊसपासून त्यांचं अपार्टमेंट चालत जाण्याजोगं होतं. रविवारी सकाळी थालीपीठ खायला येत, लोण्याचा गोळा स्वतःच्या हातानं मोठा करून घेत आणि नवऱ्याला फुटबॉलच्या मॅचेस समजावून सांगत. एका रविवारी ते आलेच नाहीत. दुपारी फोन आला, कुठल्यातरी पेट्रोल पंपावरच्या मुलीचा. म्हणाली, एक वयस्कर गृहस्थ इथे बसलेत, त्यांना तुमचा नंबर पाठ आहे, पण घर कुठे ते सांगता येत नाहीये. मी गाडी काढली. पंप आमच्या घरापासून फार लांब नव्हता. कोच दुकानाबाहेरच्या बर्फाच्या पेटीला टेकून उभे होते. मला बघून म्हणाले, "रस्ता बदलला वाटतं यांनी." रस्ता कुणी बदलला नव्हता.

डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले, कारण बरोबर नातेवाईक कोण या प्रश्नावर त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं होतं. डॉक्टर बाई शांत आणि नीट बोलणाऱ्या होत्या. त्यांनी डोक्याच्या फोटोंकडे पाहिलं, स्मरणशक्तीच्या चाचण्या केल्या आणि मग विचारलं, "खेळताना डोक्यानं बॉल किती वेळा मारला असेल, अंदाजे?"

कोच म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही आजवर किती वेळा जेवलात?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी डिमेन्शिया हा शब्द उच्चारला आणि पुढे काय काय होत जाईल ते सांगितलं. कोच मान हलवत ऐकत होते, समोरच्या टीमची लाइनअप ऐकावी तसे.

परत येताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ते म्हणाले, "माझा एक जोडीदार होता. दुसरा सेंटर हाफ. सहा फूट चार इंच. मैदानात मी डावीकडे, तो उजवीकडे, वर्षानुवर्षं. माझ्या लग्नातही तोच बाजूला उभा होता. दोन उन्हाळ्यांमागे गावी गेलो होतो, तेव्हा त्याला भेटायला गेलो. त्यानं दार उघडलं. मला म्हणाला, बरं झालं आलात, बॉयलर कालपासून बंद आहे."

सिग्नल हिरवा झाला. मागच्यानं हॉर्न वाजवला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. मी त्याचा बॉयलर बघितला. दुसरं काय करणार? त्याची बायको स्वयंपाकघरात तोंड धरून उभी होती." थोड्या वेळानं म्हणाले, "तेव्हाच ठरवलं. एकाही मुलीच्या डोक्यावर मी बॉल टाकणार नाही."

"मीटिंगमध्ये हे सांगायचं होतंत. कुणी एक शब्द बोललं नसतं."

"तिथे सांगितलं असतं तर माझ्यासाठी ते खरं झालं असतं," ते म्हणाले. "तेव्हा मी रोज सकाळी उठून स्वतःची परीक्षा घेत होतो. सगळे क्लब ओळीनं म्हणायचो. मधला एखादा गळायचा. वाटायचं, झोप झाली नसेल."

घर येईपर्यंत मला समोरचा रस्ता नीट दिसत नव्हता. त्यांनीच डॅशबोर्डवरचा टिश्यू काढून माझ्या हातात दिला.

आजार त्यांना भराभर खाऊ लागला. फोर्कलिफ्ट सुटली, गाडी सुटली. पुण्याचे बाबा, ज्यांनी मीटिंगमध्ये विरोध केला होता, त्यांना माझ्याकडून कळलं. दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी ऑफिसमधून परस्पर कोचकडे जाऊन त्यांना पार्कात फिरवून आणू लागले. कोचना ते कोण हे ठाऊक नव्हतं. ते त्यांना "बाख" म्हणत. एकदा पार्कात माझी गाठ पडली तेव्हा ते बाबा मला म्हणाले, "इतकं प्रेमानं हाक मारतात ना, मला सहनच होत नाही."

ईरानं एक दिवस ती कपची मॅच शोधून काढली. त्या क्लबच्या कुणा भक्तानं जुनी टेप इंटरनेटवर टाकली होती. आम्हाला वाटलं, कोचना आनंद होईल. आयुष्यातली सर्वांत चांगली मॅच त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. आम्ही त्यांना सोफ्यावर बसवून टीव्हीवर ती लावली. फिकुटलेले रंग, चिखल, भिंतींवर माणसं. लांब केसांचा एक तरणाबांड सेंटर हाफ उंच उडाला, समोरचाही उडाला, आणि दोघं खाली कोसळले. एक जण उठला. दुसरा उठेना. बादली आणि स्पंज घेऊन एक माणूस धावत आला, त्यानं त्याच्या मानेवर गार पाणी पिळलं. पोरगा हातांवर जोर देऊन उठायला लागला. गुडघे लटपटत होते. सगळं मैदान टाळ्या वाजवू लागलं.

कोच सोफ्यावरून पुढे सरकले.

"खालीच राहा," ते म्हणाले. "उठू नकोस. खाली राहा, बाख."

पोरगा उठला. टाळ्या वाढल्या.

"अरे, कुणीतरी त्याला बसवा!" कोच आमच्याकडे वळून ओरडले. "दिसत नाही का त्याला काही? याला आई नाही का?"

ईरानं घाईनं टीव्ही बंद केला आणि त्यांच्याजवळ जाऊन बसली. तो उठलेला पोरगा म्हणजे आपणच, हे त्यांना कळलं होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही.

मग इंग्रजी जायला लागली. आधी वस्तूंची नावं गेली, मग वाक्यं. ते वेल्शमध्ये बोलू लागले, आणि सबंध मॉरिसव्हिलमध्ये ती भाषा येणारं कुणी नव्हतं. आपण बोलतो ते समोरच्याला का कळत नाही, हे त्यांना उमजेना. चिडत, मग गप्प होत. मी त्यांच्याशी मराठीत बोलू लागले. नाहीतरी इंग्रजीचा काही उपयोग नव्हता. मी ऑफिसमधलं सांगायची, कामठीतलं सांगायची, ते मान डोलवत, त्यांच्या भाषेत काही सांगत. कधीकधी आम्ही दोघंही हसायचो. कशाला, ते दोघांनाही माहीत नसे.

शेवटी त्यांची बहीण आली, त्यांना घरी न्यायला. सत्तरीची, ठेंगणी, कडक बाई. तिनं दारातूनच त्यांना वेल्शमध्ये काहीतरी सुनावलं. आणि कोच, जे आठवडेच्या आठवडे दोन शब्दांपलीकडे बोलले नव्हते, ते असे काही बोलायला लागले की मी बघतच राहिले. हातवारे करत, भुवया उडवत, मधेच आवाज बदलून कुणाची तरी नक्कल करत. बहीण हसून हसून भिंतीला टेकली. इतकी वर्षं ज्यांना मी ओळखत होते ते कोच म्हणजे या माणसाचा अर्धाच भाग होता. पूर्ण माणूस मला निघायच्या आदल्या दिवशी दिसला, आणि त्याचं एक अक्षर मला कळत नव्हतं.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"तुझ्याबद्दल विचारतोय," ती डोळे पुसत म्हणाली. "म्हणतो, ही बाई कोण? रोज येते, एवढं बोलते. हिचं घरी कुणी ऐकून घेत नाही का?"

एअरपोर्टवर आम्ही सगळे गेलो होतो. ईरा, माझा नवरा, पुण्याचे बाबा आणि त्यांची मुलगी, टीममधल्या आणखी काही मुली. त्या आता माझ्या खांद्याच्या वर गेल्या होत्या. कोच व्हीलचेअरवर, मागे त्यांची बहीण. मुलींनी त्यांना मिठ्या मारल्या. त्यांनी सगळ्यांच्या बुटांकडे पाहिलं आणि नाड्या घट्ट आहेत याची खात्री करून घेतली. सिक्युरिटीच्या दारापाशी पोचल्यावर ते एकदम वळले, हात उंच करून आमच्या दिशेनं जोरजोरात हलवला आणि मोठ्यानं ओरडले, "मास! मास!" गार्डनं दचकून पाहिलं. आम्ही सगळ्यांनी हात हलवले. मुलीही ओरडल्या, "मास! मास!" मग ते आत गेले.

त्यानंतर दोन हिवाळे ते जगले, त्यांच्या गावी, बहिणीच्या घरी. बहिणीनं स्वतः फोन करून कळवलं. दुपारची वेळ होती, मी ऑफिसात होते. ती सांगत होती, की गाववाले शनिवारी त्यांना मैदानावर नेत, सगळे येऊन हात मिळवत, ते कुणालाच ओळखत नसत, पण सगळ्यांशी गप्पा मारत. शेवटी झोपेतच गेले. जोडीदार त्यांच्या आधीच गेला होता.

फोन ठेवायच्या आधी मी तिला विचारलं, "एअरपोर्टवर ते आम्हाला काय म्हणाले? मास म्हणजे निरोप का?"

"नाही ग," ती म्हणाली. "मास म्हणजे बाहेर. मैदानात ओरडायचा तो असं. सगळी टीम गोलसमोर अडकलेली असते, बॉल डोक्यावर येत असतो. एकदा का त्यानं तो लांब मारला, की मागे वळून सगळ्यांना ओरडायचा. संकट गेलं, आता इथे घोळका करून थांबू नका, पुढे निघा."

मी हो म्हटलं. मग फोन ठेवला आणि खुर्ची मागे सारून उठले.